झाकणावरची दोन अक्षरे

(राजा-महाराजांची नावे इतिहासाच्या पुस्तकात सहज सापडतात. कारागिरांची नावे शोधावी लागतात, आणि कारागीर स्त्री असेल तर तो शोध अधिकच अवघड होतो. एका जुन्या घड्याळाच्या केसवरील ठशावरून ती बनवणाऱ्या स्त्रीपर्यंत कसे पोहोचतात, आणि तीच रीत आपल्या शिरूर-दौंड भागात कशी वापरता येते, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे, हे तुम्हांला ठाऊक आहेच. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि भीमेकाठच्या या गावाचे महत्त्व वाढले. रेल्वेला वेळ पाळावीच लागते. एकेरी मार्गावर गाडी दोन मिनिटे आधी सुटली, तर समोरून येणाऱ्या गाडीशी टक्कर होण्याचा धोका असतो. म्हणून त्या काळी गार्डाच्या आणि स्टेशनमास्तरच्या खिशात साखळीचे घड्याळ असे. अशी घड्याळे आजही काही घरांत जपून ठेवलेली आढळतात. एखाद्याच्या पणजोबांचे घड्याळ पेटीत कापडात गुंडाळलेले असते. ते बंद पडलेले असते, पण फेकून देववत नाही.

असे घड्याळ हाती आले तर आपण काय पाहतो? आधी तबकडी पाहतो, मग काटे पाहतो, तबकडीवरचे नाव वाचतो. ज्या धातूच्या डबीत घड्याळाचे यंत्र बसवलेले असते, तिच्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. या डबीला घड्याळाची केस म्हणतात. केसचे मागचे झाकण उघडून आतल्या बाजूला पाहा. तिथे तांदळाच्या दाण्याएवढे काही ठसे दिसतील. आपला शोध तिथूनच सुरू होतो.

एक घड्याळ, अनेक हात

तबकडीवर ज्याचे नाव असते त्यानेच सगळे घड्याळ बनवले, असे आपल्याला वाटते. पण ते खरे नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत लंडन शहरातील क्लार्कनवेल हा भाग घड्याळाच्या धंद्यासाठी प्रसिद्ध होता. तिथे एका घड्याळावर अनेक कारागीर काम करत. एक जण दातेरी चाके कापी, दुसरा स्प्रिंग बनवी, तिसरा तबकडीवर मुलामा चढवी, चौथा काटे घडवी. केस बनवणारा कारागीर वेगळाच असे. तो चांदीचा किंवा सोन्याचा पत्रा ठोकून गोल करी, बिजागरी बसवी आणि झाकण इतके नेमके जुळवी की आत धूळ जाऊ नये.

सगळे भाग एकत्र आले की विकणारा तबकडीवर आपले नाव घाली. बाकीच्या कारागिरांची नावे मागे राहत. स्त्रियांची नावे तर त्यांच्याही मागे राहिली. इंग्लंडमधील क्राइस्टचर्च या गावाचेच उदाहरण घ्या. तिथे १७९० च्या सुमारास रॉबर्ट कॉक्स याने घड्याळात बसवायच्या साखळ्या बनवण्याचा धंदा सुरू केला. ही साखळी सायकलच्या चेनसारखीच असते, पण इतकी बारीक की तिच्या कड्या नीट पाहायला भिंग लागते. हे डोळे शिणवणारे काम प्रामुख्याने स्त्रिया आणि लहान मुली करत. त्यांच्या साखळ्या हजारो घड्याळांत फिरल्या, पण एकाही साखळीवर त्यांतील एकीचेही नाव नाही.

केसची गोष्ट मात्र वेगळी होती. केस चांदी-सोन्याची असे आणि मौल्यवान धातूला कायदा लागू होता. म्हणून केस बनवणाऱ्याला आपल्या नावाची अक्षरे ठोकावीच लागत. कायद्याचा हेतू ग्राहकाची फसवणूक टाळणे हा होता. पण त्यामुळेच काही स्त्रियांच्या नावांची अक्षरे आजवर टिकली.

ठसे काय सांगतात?

लंडनमध्ये बनलेल्या चांदीच्या केसवर साधारणपणे चार ठसे असतात. ते भिंगाखाली एकेक करून वाचायचे.

पहिला ठसा चालत्या सिंहाचा. हजार भागांत निदान ९२५ भाग शुद्ध चांदी आहे, असा त्याचा अर्थ.

दुसरा ठसा बिबट्याच्या मस्तकाचा. तो लंडनच्या तपासणीघराचा. बर्मिंगहॅम शहराचे तपासणीघर १७७३ मध्ये उघडले. तिथला ठसा जहाजाच्या नांगराचा.

तिसरा ठसा एका इंग्रजी अक्षराचा. हे वर्षाचे अक्षर. लंडनमध्ये ही पद्धत १४७८ पासून आहे. दर वर्षी अक्षर बदले. वीस अक्षरे संपली की अक्षराचा घाट बदलून पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात होई. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हे अक्षर जानेवारीत नव्हे, तर मे महिन्याच्या अखेरीस बदलत असे. म्हणून एक अक्षर दोन इसवी सनांत विभागलेले असते. आपण ते १७७२-७३ असे लिहितो.

चौथा ठसा आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. त्यात दोन अक्षरे असतात. १७३९ पासून प्रत्येक कारागिराला आपल्या नावाचे आणि आडनावाचे पहिले अक्षर असलेला ठसा नोंदवावा लागे. ही नोंद लंडनच्या सोनारांच्या संघाच्या वास्तूत, म्हणजे गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये होई. ‘हॉलमार्क’ हा शब्द त्या हॉलवरूनच आला.

दोन अक्षरांपासून एका नावापर्यंत

आता खरी परीक्षा सुरू होते. समजा, ठशात ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरे दिसली. ती मेरीची असू शकतात, तशीच मायकेलचीही असू शकतात. नुसत्या अक्षरांवरून निर्णय घेता येत नाही. म्हणून शोध घेणारा काही गोष्टी क्रमाने करतो.

तो आधी वर्षाचे अक्षर वाचून काळ ठरवतो. मग दोन अक्षरांभोवतीची चौकट पाहतो. चौकट लांबट आहे की गोल, अक्षरांमध्ये ठिपका आहे की नाही, हे तपासतो. त्यानंतर हॉलच्या नोंदवहीत त्या काळातला तसाच ठसा शोधतो. नोंदीत ठशाबरोबर कारागिराचे नाव, पत्ता आणि तारीख असते. सगळ्या वह्या मात्र आज उपलब्ध नाहीत. १६९७ पूर्वीच्या ठशांच्या वह्या टिकलेल्या नाहीत. ज्या काळाची वही हाती लागत नाही, त्या काळासाठी दुसरा कागद धरावा लागतो. उदाहरणार्थ, १७७३ मध्ये इंग्लंडच्या संसदेसाठी चांदी-सोन्याच्या कारागिरांची एक यादी तयार झाली होती. ती आज फार उपयोगी पडते.

नोंदवहीत स्त्रीचे नाव दिसले की पुढचा प्रश्न असा: ही या धंद्यात आली कशी? बहुतेक वेळा तिचा नवरा त्याच धंद्यात होता आणि त्याच्या मृत्यूनंतर तिने स्वतःचा ठसा नोंदवला, असे आढळते. आडनाव तेच, पत्ता तोच, फक्त पहिले अक्षर बदललेले. हा बदल दिसला की शोधणारा चर्चमधील लग्नाच्या आणि दफनाच्या नोंदी पाहतो, नवऱ्याचे मृत्युपत्र पाहतो, आगीच्या विम्याची कागदपत्रे पाहतो. ‘सन फायर ऑफिस’ ही विमा कंपनी १७१० मध्ये सुरू झाली. तिच्या जुन्या वह्यांत दुकानदारांची आणि कारागिरांची नावे, पत्ते व मालमत्तेची किंमत आहे. त्यांत धंदा करणाऱ्या अनेक स्त्रियाही भेटतात. १८४१ पासूनच्या इंग्लंडच्या जनगणनेत माणसाच्या नावापुढे त्याचा धंदा लिहिलेला आढळतो. पण इथे सावध राहावे लागते. विवाहित स्त्री नवऱ्याबरोबर दिवसभर काम करत असली, तरी तिच्या धंद्याचा रकाना पुष्कळदा कोराच सोडलेला असतो. कोरा रकाना म्हणजे ‘काम नाही’ असे नव्हे.

हेस्टर बेटमन

ही रीत एका खऱ्या उदाहरणाने समजून घेऊ. हेस्टर बेटमन घड्याळाच्या केस बनवत नव्हती. ती चांदीचे चमचे, चहादाण्या, साखरदाण्या अशा वस्तू बनवून विके. पण तिचा ठसा त्याच हॉलमध्ये नोंदवलेला आहे आणि तिचा माग काढण्याची वाटही तीच आहे.

हेस्टरचा जन्म १७०८ चा. १७३२ मध्ये तिचे लग्न जॉन बेटमनशी झाले. तो सोन्याच्या तारेच्या साखळ्या बनवणारा कारागीर होता. १७६० मध्ये क्षयाने त्याचा मृत्यू झाला. मृत्युपत्रात त्याने आपली हत्यारे बायकोच्या नावे केली होती. या एका ओळीला मोठा अर्थ आहे. जिला काम येत नाही तिला कोणी हत्यारे कशाला देईल? लगेच पुढच्या वर्षी, १७६१ मध्ये, हेस्टरने ‘एच बी’ हा आपला ठसा नोंदवला. तेव्हा तिने पन्नाशी ओलांडली होती. तिने सुमारे तीस वर्षे कारखाना चालवला आणि वाढवला. १७९० मध्ये ती कामातून बाजूला झाली व १७९४ मध्ये वारली. तिचा मुलगा जोनाथन १७९१ मध्ये मरण पावला, तेव्हा त्याची बायको ॲन हिने दीर पीटर याच्याबरोबर ठसा नोंदवला. म्हणजे एकाच घरातील सासू आणि सून या दोघींची नावे सरकारमान्य ठशात आली.

आता एक प्रश्न विचारू. १७६० पूर्वी हेस्टर काय करत होती? कोणत्याही ठशात तिचे नाव नाही. पण पन्नाशीनंतर एकाएकी कोणी कुशल कारागीर होत नाही. मृत्युपत्र आणि ठसा हे दोन्ही कागद शेजारी ठेवले की मधली वर्षे आपोआप उजेडात येतात. असे दोन कागद जोडून वाचणे, हेच इतिहासाच्या अभ्यासकाचे खरे काम आहे.

याच ठिकाणी एक मर्यादाही ओळखली पाहिजे. वस्तूची जबाबदारी कोणाची होती, हे ठसा सांगतो. ती प्रत्यक्ष कोणाच्या हातांनी घडली, हे तो सांगत नाही. ‘एच बी’ ठशाच्या वस्तूंवर हेस्टरच्या मुलांनी आणि नोकरांनीही काम केले. त्याचप्रमाणे पुरुषाचा ठसा असलेल्या केसवर त्याच्या बायकोने किंवा मुलीने पॉलिश केलेले असू शकते.

शिरूर तालुक्यातला शोध

तुम्ही म्हणाल, लंडनच्या कागदांचा आम्हांला काय उपयोग? उपयोग आहे. शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे गाव आहे. तिथे मस्तानीची कबर आहे. मस्तानी कारागीर नव्हती. ती बुंदेलखंडाचा राजा छत्रसाल याची मुलगी आणि पहिल्या बाजीराव पेशव्याची पत्नी. पण तिच्याविषयी कागदांतून माहिती काढताना तीच अडचण येते. बहुतेक कागदांत ती स्वतः बोलत नाही, तिच्याविषयी दुसरे बोलतात. एखाद्या पत्रात तिचा उल्लेख रागाने येतो, एखाद्यात ओझरता येतो. असे तुकडे तपासून, तारखा लावून, कोणी कोणाला आणि का लिहिले हे पाहूनच तिचे खरे चरित्र उभे करावे लागते. बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडी येथे वारला आणि त्याच वर्षी मस्तानीचाही मृत्यू झाला. तिचा मुलगा समशेरबहाद्दर १७६१ मध्ये पानिपतच्या लढाईत मराठ्यांच्या बाजूने लढला व जखमी होऊन मरण पावला.

हे कागद कुठे असतात? पुण्यात पेशवे दफ्तर आहे. त्याची इमारत १८९१ ची. तिथे जुनी कागदपत्रे कापडात बांधून ठेवली आहेत. अशा गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणतात. त्यांतील निवडक कागद इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापून प्रसिद्ध केले. बहुतेक कागद मोडी लिपीत आहेत, काही फारसीत आहेत.

उर्दू शिकणाऱ्या मुलांना या दफ्तरात घरच्यासारखे वाटेल. दफ्तर, रुमाल, दस्तऐवज, मोहर, शिक्का, नक्कल, वारस, मजकूर, तारीख हे शब्द मराठी कागदांत जागोजागी येतात. एवढेच नव्हे, तर पेशवाईतल्या कागदांवरची सालेही अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेली असतात. या कालगणनेला शुहूर सन म्हणतात. सलास म्हणजे तीन, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७३. यात ५९९ मिळवले की १७७२ येते. हे वर्ष मे-जूनच्या सुमारास मृग नक्षत्राबरोबर सुरू होते. म्हणून शुहूर ११७३ म्हणजे इसवी सन १७७२-७३. लंडनच्या वर्षाच्या अक्षरासारखेच हे साल दोन इसवी सनांत विभागलेले आहे, हे तुमच्या ध्यानात आले का? जी भाषा तुम्ही रोज वाचता, ती मराठ्यांच्या इतिहासाची एक किल्लीच आहे.

आपल्या गावात

आपल्या भागातही कामकरी स्त्रियांची नावे शोधता येतील. विणकराच्या घरी माग पुरुष चालवतो आणि कांड्या स्त्रिया भरतात. विड्या घरोघरी स्त्रियाच वळतात. गोधड्या त्याच शिवतात. हे काम केलेल्या तुमच्या पणजीचे नाव तुम्हांला ठाऊक आहे का? अनेकांना ठाऊक नसते. ‘अमक्याची आई’ किंवा ‘अमक्याची बायको’ एवढेच घरात सांगितले जाते.

ते नाव कुठे मिळेल? निकाहनाम्यात वधूचे नाव, मेहेरची रक्कम आणि साक्षीदारांची नावे असतात. ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत आईचे नाव सापडते. शाळेच्या जुन्या रजिस्टरात मुलींची नावे मिळतात. सातबाऱ्यावर बहिणींची व विधवांची नावे पुष्कळदा ‘इतर हक्क’ या रकान्यात असतात. वारसाची नोंद फेरफाराच्या वहीत सापडते. कबरीवरचा दगड हाही एक कागदच समजा. आणि सर्वांत आधी घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारा, कारण कागद थांबतो, माणसे मात्र थांबत नाहीत.

आता काही गोष्टी बदलत आहेत. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत महाराष्ट्रात मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरवण्यात आला आहे. भारतात सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. नव्या दागिन्यावर भिंगातून पाहिले तर भारतीय मानक ब्युरोचा त्रिकोणी ठसा, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक दिसतो. बावीस कॅरेटसाठी हा आकडा ९१६ असतो. अडीचशे वर्षांपूर्वीच्या ठशांचा हा नातेवाईकच म्हणायचा.

मुलांनो, कारागिराचे नाव शोधणे हा केवळ अभ्यासाचा विषय नाही. ज्याने काम केले त्याला त्या कामाचे श्रेय मिळणे हा न्याय आहे. तो न्याय उशिरा मिळाला तरी मोलाचा असतो. म्हणून जुनी वस्तू हाती आली तर ती उलटून पाहा, जुना कागद मिळाला तर कोरा रकानाही वाचा, आणि तुमच्या वंशावळीत आजी-पणजीची पूर्ण नावे आजच लिहून ठेवा.

शब्दार्थ

मुलामा – धातूवर चढवलेला पातळ थर
बिजागरी – झाकण उघडण्या-मिटण्यासाठी लावलेला जोड
घाट – आकार, ठेवण
ओझरता – वरवरचा, थोडासा
कांडी – सूत गुंडाळलेली लहान नळी
फेरफार – जमिनीच्या मालकीतील बदलाची नोंद
श्रेय – केलेल्या कामाचे कौतुक व मान
माग काढणे – खुणांवरून शोध घेणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘हॉलमार्क’ हा शब्द कशावरून आला?
(आ) मस्तानीची कबर कोणत्या गावी आहे?
(इ) कापडात बांधलेल्या कागदांच्या गाठोड्याला काय म्हणतात?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) नुसत्या दोन अक्षरांवरून कारागिराचे नाव ठरवता येत नाही.
(आ) हेस्टरला नवऱ्याच्या हयातीतही काम येत होते, असे म्हणता येते.

प्र. ३. ‘कोरा रकाना म्हणजे काम नाही असे नव्हे’ हे विधान तुमच्या परिसरातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.

प्र. ४. ‘अर्बैन मया व अलफ’ (अर्बैन = चाळीस) हे शुहूर साल अंकांत लिहा. ते कोणत्या दोन इसवी सनांत येते? पाठातील कोणती घटना या सालात घडली?

प्र. ५. पाठात आलेले, उर्दूतही वापरले जाणारे आठ शब्द शोधा व त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून तुमच्या कुटुंबातील तीन पिढ्यांतील स्त्रियांची नावे, त्यांची गावे आणि त्या करत असलेली कामे यांचा तक्ता तयार करा. प्रत्येक माहितीपुढे ती कोणी सांगितली किंवा कोणत्या कागदात मिळाली, हे लिहा.